शेजाऱ्याच्या घरी न पोचणारा उजेड



विजेचा इतिहास म्हटला की धरणे, वीजघरे आणि तारांचे जाळे आपल्या डोळ्यांसमोर येते. मी आज बोलणार आहे ते घराच्या तळघरात मावणाऱ्या एका यंत्राविषयी. हे यंत्र अमेरिकेतले. ओहायो राज्यातील डेटन शहरी १९१६ साली ते विक्रीस आले. नाव ‘डेल्को-लाइट’. त्याचा कर्ता चार्ल्स केटरिंग हा शेतकऱ्याचा मुलगा. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर मिळाला तो त्याच्याच खटपटीने. तीच विद्या त्याने पुढे शेतावरच्या घराकडे वळविली.

यंत्राची रचना साधी होती. रॉकेलवर चालणारे एका सिलिंडरचे इंजिन, त्याला जोडलेला डायनामो, आणि शेजारी फळीवर काचेच्या बरण्यांतून मांडलेल्या बॅटरीचे सोळा सेल. एकेक सेल दोन व्होल्टचा. सोळा दुणे बत्तीस. बटण दाबले की बॅटरीच्या जोरावर डायनामो इंजिनाला फिरवी, आणि इंजिन लागले की तोच डायनामो उलट बॅटरी भरू लागे. यंत्राचा एक प्रचलित नमुना ८५० वॉटचा होता. म्हणजे चाळीस वॉटचे वीस दिवे लावले की संपले! पण ज्या बाईने जन्मभर कंदिलाच्या काचा पुसल्या आणि विहिरीचे पाणी वाहिले, तिच्या घरी बटणासरशी दिवा लागला, पंपाने पाणी चढले. ते सुख मी हलके लेखणार नाही.

तरीही या यंत्राच्या स्वभावातच एक गोष्ट होती. त्याचा उजेड शेजाऱ्याच्या घरी पोचत नसे. का, ते हिशेबानेच पाहू. चाळीस वॉटचे आठ दिवे लावायचे तर ३२ व्होल्टला दहा अँपिअर प्रवाह लागतो. ११० व्होल्टला तीनही पुरतात. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्याच तारेतून तेवढीच वीज न्यायची, तर ३२ व्होल्टला नासाडी सुमारे बारापट! घरापासून गोठ्यापर्यंत वीज जाई. मैलभर दूरच्या शेजाऱ्याकडे नेण्यात अर्थ नव्हता. ज्याने काही शे डॉलर मोजले त्याचे घर उजळले. ज्याच्यापाशी नव्हते त्याने त्या खिडकीकडे पाहावे.

मग वीजकंपन्या काय करीत होत्या? त्यांचा हिशेब सरळ होता. शहरात एका मैलात शेकडो गिऱ्हाइके, खेड्यात दोन-चार. तेव्हा खेड्यात तार न्यायची कशाला? १९३० नंतरच्या वर्षांतही अमेरिकेतील दहा शेतांपैकी जेमतेम एकावर कंपनीची वीज होती, शहरांत मात्र बहुतेक घरांत.

हे कोडे केटरिंगसारख्या बुद्धिमान माणसाच्या यंत्राने सुटले नाही. ते सुटले संघटनेने. ११ मे १९३५ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणाची सरकारी यंत्रणा उभारली; पुढल्या वर्षी कायदा झाला. सरकारने अल्प व्याजाने, दीर्घ मुदतीचे कर्ज द्यावे आणि शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून स्वतःच्या तारा ओढाव्यात, अशी ती योजना. सभासद होण्याची वर्गणी सामान्यतः पाच डॉलर. लोक घरोघर फिरून सभासद जमवू लागले. मग कंपन्यांनाही जाग आली! जिथे गिऱ्हाईक दाट तिथे घाईघाईने तारा टाकून त्यांनी साय तेवढी काढून घ्यावी आणि पाणचट दूध संस्थेला ठेवावे, असे प्रकार झाले. तरीही १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच बहुतेक शेतांवर वीज पोचली. ३२ व्होल्टचे दिवे त्या नव्या तारेवर क्षणात जळून जात. पंप, इस्त्र्या, सारे बदलावे लागले. जुने यंत्र अडगळीत गेले.

या गोष्टीचा एक धागा आपल्या नगर जिल्ह्यापर्यंत येतो. १९६९ साली भारतात ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाला, आणि अमेरिकेतील सहकारी संस्थांच्या धर्तीवर ज्या वीज संस्था निघाल्या त्यांत आपली मुळा-प्रवरा होती. तिच्यावर थकबाकीचा बोजा चढत गेला आणि २०११ साली तिचे काम महावितरणकडे गेले. सहकार हा मंत्र नव्हे की नुसता म्हटला आणि फळला. वसुली आणि चोख हिशेब हीच त्याची पूजा.

हे सारे मी आज का सांगतो? २००५ नंतरची भारनियमनाची वर्षे आपण भोगली आहेत. ज्यांना झेपले त्यांनी इन्व्हर्टर घेतला, मोठ्या इमारतींनी डिझेलचे जनरेटर बसविले. त्यांना दोष कोण देईल? आजाऱ्याच्या घरी, परीक्षार्थी मुलाच्या घरी दिवा हवाच. पण घरात दिवा लागला की वीज कचेरीवर जाणारा मोर्चा पातळ होतो, हे संघटनेचे काम करणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच कळते. ज्याचा आवाज साहेबापर्यंत पोचतो तोच आधी गप्प बसतो. आणि मागे उरतो तो, ज्याला कुणी विचारीत नाही. पाण्याचे टँकर घ्या, खाजगी शिकवण्या घ्या, दवाखाने घ्या, गोष्ट तीच.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. इन्व्हर्टर जरूर घ्या. पण तो घरात आल्यावरही वीज मंडळींकडे द्यायच्या अर्जावर तुमची सही असू द्या, आणि सभेला तुमची खुर्ची रिकामी राहू देऊ नका. आपल्या घरचा दिवा बॅटरीवर लागेल. गावचा दिवा तारेवरच लागतो, आणि तार एकट्याला ओढता येत नाही.