लौकिकाची कमाई



कोकणात कोणाच्या मुलाने मुंबईस जाऊन चांगली नोकरी मिळवली की म्हणतात, त्याने घराण्याचे नाव काढले. तोच मुलगा वाईट मार्गाला लागला तर त्याने नाव घालवले. नाव काढणे, नाव घालवणे, नाव राखणे, नावे ठेवणे, नावाला जागणे: या विषयाचा केवढा मोठा शब्दसंग्रह आपल्या भाषेत आहे! अलीकडे शहरांतील व्यवस्थापनशास्त्राचे अध्यापक तरुणांना उपदेश करतात की, नोकरीधंद्यात वर यावयाचे असेल तर स्वतःचा ‘ब्रँड’ निर्माण करा. शब्द नवा असला तरी गोष्ट जुनी आहे. फरक एवढाच की, नवा शब्द ऐकताच डोळ्यांपुढे जाहिरातीचा फलक उभा राहतो आणि जुना शब्द ऐकताच गावची चावडी आठवते. फलक ज्याचा त्याने रंगवावयाचा असतो. चावडीवरचे नाव मात्र दुसरे लोक ठरवतात.

सिंधुदुर्गाच्या संदर्भात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झालेला हा लहानसा जिल्हा. येथील तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस गेला आणि गिरणीत, गोदीत, कचेरीत ‘चाकरमानी’ झाला. तेथे गेल्यावर त्याने पहिली कोणती गोष्ट लपवली असेल तर ती आपली बोली. ‘खंय’, ‘हयसर’, ‘मगे’ असे शब्द तोंडून निघाले की चाळीतले शेजारी हसत. मराठी रंगभूमीवरही मालवणी बोलणारे पात्र बहुधा घरगडी असे. ते येई, दोन वाक्ये बोले, हशा पिकवी आणि पाण्याचा पेला ठेवून निघून जाई. आपण कोठले आहोत हे कळू न देणे हीच प्रगतीची पहिली पायरी, असा समज त्यामुळे अनेक घरांत रूढ झाला. शाळांनीही त्याला काही अंशी हातभार लावला, हे येथे जमलेल्या शिक्षकांनी मोकळेपणाने मान्य करावयास हरकत नाही.

या समजुतीस ज्याने उघडपणे आणि मोठ्या प्रमाणावर धक्का दिला, तो माणूस मालवण तालुक्यातील रेवंडीचा. मच्छिंद्र कांबळी यांचा जन्म १९४७ सालचा. गंगाराम गवाणकर यांनी लिहिलेले ‘वस्त्रहरण’ हे नाटक १९८० मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आले आणि त्यातील तात्या सरपंचाच्या भूमिकेने कांबळी यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. या नाटकाची मूळ कल्पना गवाणकरांनी आधी ‘आज काय नाटक होवचा नाय’ या एकांकिकेत मांडली होती. कोकणातील एका गावात हौशी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचे पौराणिक नाटक बसवतात. नट ऐनवेळी अडतात, मानापमान होतात, पौराणिक भाषा बोलता बोलता जीभ घसरून मालवणीवर येते आणि हा सारा गाडा सरपंच ओढत असतो. ग्रामपंचायतीच्या सदस्यांना तात्या सरपंचाची अवस्था निराळी समजावून सांगावयास नको. प्रत्येक गावाच्या वार्षिक उत्सवात ते ती भोगतात.

आरंभी या नाटकाला प्रेक्षकांचा प्रतिसाद बेताचाच होता. पुढे पु. ल. देशपांडे यांनी नाटक पाहिले व त्याची मनापासून प्रशंसा करणारे पत्र लिहिले. तेव्हापासून वारे फिरले, असे नाट्यव्यवसायातील मंडळी सांगतात. प्रयोगांची संख्या पाच हजारांच्या पुढे गेली आणि नाटक लंडनपर्यंत पोहोचले. परंतु त्या पत्राचा दाखला देताना एक गोष्ट नेहमी विसरली जाते. पत्र येण्यापूर्वीही मंडळी प्रयोग करीतच होती, आणि तो प्रयोग पु. लं.ना दाखविण्याजोगा होता. थोरामोठ्यांचा एक शब्द माणसाला उजेडात आणतो हे खरे. उजेडात आल्यावर दिसण्यासारखे काही असावे लागते, ते मात्र आधीच तयार असावे लागते.

कांबळी यांनी त्यानंतर जे केले ते लौकिकाच्या दृष्टीने अधिक विचार करण्यासारखे आहे. मालवणी नाटकाने नाव झाले म्हणून त्यांनी पुढे ‘शुद्ध’ भाषेच्या नाटकांकडे धाव घेतली नाही. ‘पांडगो इलो रे बा इलो’, ‘घास रे रामा’, ‘येवा कोकण आपलाच असा’ अशी नाटके ते करीत राहिले. आपल्या नाट्यसंस्थेला त्यांनी नाव दिले ‘भद्रकाली प्रॉडक्शन्स’. भद्रकाली ही रेवंडीची ग्रामदेवता. ज्या काळात मालवणी माणूस मुंबईत आपले गाव लपवीत होता, त्या काळात एक नट आपल्या गावच्या देवीचे नाव नाट्यगृहाबाहेरच्या फलकावर लिहीत होता. गिरणगावातला प्रेक्षक तिकिटाच्या रांगेत उभा राहून त्याच बोलीत मोठ्याने बोलू लागला. हा हिशेब कोणत्याही गल्ल्यात मोजता येणार नाही, तरीही कांबळी यांच्या कमाईत तो धरावाच लागेल.

याला दुसरी बाजूही आहे. एकाच भूमिकेने आणि एकाच बोलीने नाव झाले की लोक त्या माणसाला त्याच चौकटीत पाहू इच्छितात. नटाच्या इतर गुणांवर त्यामुळे अन्याय होतो. विनोदी नट रडला तरी प्रेक्षक हसतात, ही तक्रार रंगभूमीवर नवी नाही. ज्याने आयुष्यभर एकच गोष्ट उत्तम केली त्याला ही किंमत थोडीफार मोजावीच लागते. ३० सप्टेंबर २००७ रोजी कांबळी यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्याच संस्थेने २०१७ मध्ये ‘संगीत देवबाभळी’ रंगभूमीवर आणले. विठ्ठलाची रखुमाई आणि तुकारामांची आवली यांच्या भेटीचे हे नाटक ना मालवणी, ना विनोदी. पण ‘भद्रकाली’ या नावावर विश्वास ठेवून प्रेक्षक आले. त्याचे लेखक प्राजक्त देशमुख यांना पुढे साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. बापाने कमावलेल्या नावावर मुलाने निराळे पीक घ्यावे आणि तेही कसदार निघावे, असे क्वचितच घडते.

कांबळी ज्या मातीतून आले तेथे नटाच्या नावाचा व्यवहार पूर्वीपासून निराळ्या रीतीने चालत आला आहे. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात. देवाची पालखी फिरून झाली की रात्री उशिरा दशावतार उभा राहतो आणि पहाटे दहीकाल्याने संपतो. मंडळाची ओळख गावावरून: वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आजगावकर. लिखित संहिता नाही; कथानक ठाऊक, संवाद जागच्या जागी रचावयाचे. स्त्रीभूमिकाही पुरुषांनीच करावयाच्या. नट आपला रंग आपणच लावतो. जाहिरातीत त्याचे नाव असेलच असे नाही, तरी पंचक्रोशीत माणसे सांगतात, ‘अमक्याचो नारद बघूक व्हयो.’ हे वाक्य मिळवावयास दहा-पंधरा वर्षे रात्री जागवाव्या लागतात. हल्ली प्रेक्षक भ्रमणध्वनीवर प्रयोग चित्रित करतात आणि तरुण नटाचे नाव एका हंगामात परदेशातील चाकरमान्यांपर्यंत जाते. हे स्वागतार्हच आहे. मात्र दोन मिनिटांचा तुकडा पाहून झालेले नाव आणि रात्रभराच्या संवादातून झालेले नाव यांतला फरक जत्रेतली म्हातारी माणसे ओळखतात. पहाटे चार वाजता डोळ्यांवर झोप असताना राक्षसाची भूमिका करणारा नट शब्दाला शब्द कसा भिडवतो, यावर त्यांचा निकाल अवलंबून असतो.

वेंगुर्ले तालुक्याने नावाची आणखी एक तऱ्हा दाखविली आहे. चिंतामणी त्र्यंबक खानोलकर यांनी कविता ‘आरती प्रभू’ या नावाने लिहिली. कथा, कादंबऱ्या व नाटके स्वतःच्या नावाने. कुडाळला खानावळ चालविणाऱ्या घरातील या तरुणाने दोन्ही नावे एकाच आयुष्यात गाजविली, आणि तेही अवघ्या ४६ वर्षांच्या आयुष्यात. १९७८ चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘नक्षत्रांचे देणे’ या संग्रहास मिळाला, तेव्हा कवी हयात नव्हता. आरवलीचे जयवंत दळवी यांनी ‘ललित’ मासिकातून ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने साहित्यिकांच्या खोड्या काढल्या. तेथे तर लेखकाने आपले नाव झाकूनच लौकिक मिळविला.

परंतु अधिकारी आणि शिक्षक यांच्यापुढे बोलताना ज्यांची आठवण अधिक प्रकर्षाने होते ते अप्पासाहेब पटवर्धन. १८९४ मध्ये जन्मलेला हा विद्वान माणूस महाविद्यालयातील अध्यापन सोडून गांधीजींकडे गेला. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना आपल्याला भंगीकाम करू द्यावे, यासाठी त्यांनी उपोषण केले. त्यांना पाठिंबा म्हणून १९३२ च्या डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही अन्न वर्ज्य केले. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा राहिला. मैल्यापासून खत करणारे संडास, मेलेल्या जनावरांचे कातडे सोडविण्याचे शिक्षण, अशी ज्या कामांना कोणी हात लावत नव्हते ती कामे तेथे झाली. लोक त्यांना ‘कोकणचे गांधी’ म्हणू लागले. मानाची नोकरी सोडून त्या काळी अपमानाचे मानले जाणारे काम पत्करल्यावर हे नाव मिळाले. आजच्या व्यवस्थापनशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात असा मार्ग सापडणे कठीण. त्याचे अनुकरण सर्वांनी करावे असे सुचविणे भाबडेपणाचे होईल. पण नाव आणि बढती या दोन गोष्टी एकाच दिशेने जातातच असे नाही, एवढे त्यावरून कळते.

शासकीय सेवेत हा प्रश्न नेहमी उभा राहतो. एखाद्या ग्रामसेवकाच्या गोपनीय अहवालात जे लिहिले जाते ते एक, आणि त्याची बदली झाल्यावर गावात त्याच्याविषयी जे बोलले जाते ते दुसरे. अहवाल कपाटात राहतो. गावातले बोलणे मात्र त्याच्या आधी नव्या गावी पोहोचते. बाजाराच्या दिवशी एसटीतून ते विनातिकीट प्रवास करते. अमुक तलाठ्याकडे सातबारा मागावयास गेले तर दुसऱ्यांदा जावे लागत नाही, किंवा अमुक बाईंच्या वर्गातील मुले चौथीत खडखडून वाचतात, एवढे एक वाक्य ज्याच्या मागे लागले त्याला वेगळी प्रसिद्धी करावी लागत नाही. उलट आपल्या प्रत्येक कार्यक्रमाचे छायाचित्र प्रसृत करणारा अधिकारी काही काळ उठून दिसतो, आणि मग लोक छायाचित्रातली झाडे पुढच्या उन्हाळ्यात शोधावयास जातात.

या जिल्ह्यात आज नावाचा प्रश्न पोटाचाही झाला आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. तारकर्ली, देवबाग येथे अनेक कुटुंबांनी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी राखल्या. तेथे यजमानीण बांगड्याचे तिखले कसे करते, पाणी स्वच्छ देते की नाही, ठरलेल्या दरात ऐनवेळी वाढ करते काय, हेच तिचे भांडवल. पण हे नाव तिच्या एकटीचे राहत नाही. एका घरात पाहुणा फसला तर तो परत जाऊन त्या घराचे नाव सांगत नाही, तो ‘मालवणात फसवतात’ असे सांगतो. आंब्याचेही तेच. कोकणातील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही परप्रांतातला आंबा देवगडच्या पेटीत भरून विकणारे व्यापारी थांबले नाहीत. म्हणून २०२५ च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेला फळावर सांकेतिक क्रमांकाची चिकटपट्टी लावण्याचा मार्ग अवलंबावा लागला. पेटीत दोन डझन खोटी फळे घालणारा शेतकरी दुर्दैवाने आपल्याच शेजारी असू शकतो. त्याला बोलणे अवघड जाते, कारण तो भावकीतला असतो. ग्रामपंचायतीने हा विषय ग्रामसभेत काढावा. तेथे वाद होईल, आवाज चढतील, कदाचित पुढच्या निवडणुकीत दोन मतेही कमी पडतील.

शाळांसाठी मात्र एक काम सोपे आहे. गावात होडी बांधणारा, मृदंगाला शाई लावणारा, मातीचे गणपती करणारा, कोकमाचे आगळ उत्तम काढणारी बाई, जत्रेतला नारद, अशी माणसे कोण आहेत याची यादी मुलांकडून करून घ्यावी. मुलांनी त्यांच्याकडे जावे, कोणाकडून शिकलात ते विचारावे आणि त्यांच्याच मालवणीत, त्यांच्याच शब्दांत उत्तरे लिहून आणावीत. वहीत ‘हयसर’ असे लिहिले असेल तर गुरुजींनी त्याखाली लाल रेघ ओढू नये.