पाचवी प्रतिमा



नोव्हेंबर 2014 मध्ये हबल दुर्बिणीच्या चित्रांत एकाच ताऱ्याचा स्फोट चार ठिकाणी दिसला. प्रकाश होता सुमारे नऊ अब्ज वर्षांपूर्वीचा. वाटेत दीर्घिकांचा प्रचंड समूह आडवा आला, त्याच्या गुरुत्वाकर्षणाने किरण वाकले आणि एका सुपरनोव्हाच्या चार प्रतिमा झाल्या. आणखी एक यायची होती. बोरिवलीहून एकदमच सुटलेली फास्ट आणि स्लो लोकल अंधेरीला वेगवेगळ्या वेळी पोचतात, तसाच वेगवेगळ्या वाटांनी आलेला प्रकाशही वेगवेगळ्या वेळी पोचतो. समूहाच्या वस्तुमानाचा आराखडा मांडून शास्त्रज्ञांनी ती कुठे आणि साधारण कधी दिसेल, हे आधीच जाहीर केले. डिसेंबर 2015 मध्ये ती दिसली! विज्ञानातले याहून देखणे भाकीत मला तरी आठवत नाही.

अशा उशिरावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढता येईल, हे नॉर्वेच्या शूर रेफ्सडाल यांनी 1964 मध्येच मांडले होते. म्हणून या सुपरनोव्हाला त्यांचेच नाव. मात्र समूहात वस्तुमान कुठे, किती, हे कळायला हवे, आणि त्यातले बहुतेक कृष्णद्रव्य, डोळ्यांना न दिसणारे.

इथे मुंबईचे नाव घ्यायलाच हवे. 1980 च्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले (टीआयएफआर) डॉ. शशिकुमार चित्रे आणि डॉ. डी. नरसिंह असे किरण वाकवणाऱ्या गुरुत्वीय भिंगांची गणिते करत होते. एबेल 370 सारख्या समूहांत लांबलचक प्रकाशकमानी सापडल्या, तेव्हा त्यांचेही गणित या दोघांनी मांडले. कमान म्हणजे मागच्या दीर्घिकेची ताणलेली प्रतिमा. समूहाच्या केंद्रापासून ती किती दूर आहे हे मोजले, की तिच्या आतले सगळे वस्तुमान हाती येते, दिसणारे आणि न दिसणारेही. चित्रे सर पुढे सांताक्रूझला, कलिन्याच्या विद्यापीठ परिसरातल्या मूलभूत विज्ञान केंद्रात शिकवू लागले. 2021 मध्ये ते गेले. अंधेरी-घाटकोपरच्या कितीतरी मुलांना त्यांचे हे काम ठाऊकच नाही, याची मला खंत वाटते.

रेफ्सडाल सुपरनोव्हावरून 2023 मध्ये प्रसरणाचा वेग निघाला तो दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे 32 लाख 60 हजार प्रकाशवर्षांना, सेकंदाला 66 किलोमीटरच्या आसपास. जेम्स वेब दुर्बिणीने दुसऱ्या एका समूहामागे टिपलेल्या ‘होप’ सुपरनोव्हावरून मात्र तो 75 च्या जवळ येतो. हा फरक अजून मोजमापाच्या अनिश्चिततेत मावतो. तो खरा की भासमान, हे ठरवायला असे आणखी स्फोट हवेत, आणि समूहांतल्या कृष्णद्रव्याचे याहून नेमके नकाशे.