नारोशंकर राजेबहाद्दर : कीर्ती, अपकीर्ती आणि वास्तू



आपल्या नामपूरची मोसम पुढे मालेगावी ज्या भुईकोटाजवळून वाहते, तो किल्ला उभारणाऱ्या नारोशंकर दाणी राजेबहाद्दर यांचे नाव नाशिककरांच्या तोंडी राहिले ते एका घंटेमुळे! इतिहासकारांच्या लेखणीतून मात्र त्यांना तितके प्रेम लाभले नाही.

इ. स. 1742 मध्ये पेशव्यांनी त्यांच्याकडे झाशीचा कारभार सोपविला. तेथील बुंदेल्यांच्या किल्ल्याचा त्यांनी विस्तार केला. तो भाग शंकरगढ म्हणून ओळखला जातो. त्याच दशकात मालेगावचा किल्ला आणि नाशकात पंचवटीतील रामेश्वराचे मंदिर (1747) आकारास आले. इतकी बांधकामे एकाच काळात चालली असता बुंदेलखंडाचा वसूल सरकारी खजिन्यात किती गेला आणि दगडाच्या घडाईत किती मुरला, ही शंका हिशेबी मनास चाटून जाते. 1757 मध्ये त्यांना झाशीहून माघारी बोलाविण्यात आले.

खरा डाग लागला तो दिल्लीत. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्लीच्या रक्षणाचा भार त्यांच्यावर टाकला. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर सैन्याचा संहार झाला आणि नारोशंकरांनी राजधानी न लढताच सोडली. मुख्य फौजच उरली नसता मूठभर शिबंदीनिशी त्यांनी दिल्ली कशी राखावी, हा प्रश्न न्याय्यच आहे. परंतु लोकांनी त्यांच्या पदरात दोषच घातला. पुढे माधवराव-राघोबादादांच्या कलहात दादांच्या बाजूने प्रतिनिधींची मुतालकी त्यांनी स्वीकारली, तेव्हा टीकाकारांना आणखी निमित्त मिळाले.

दैवाचा खेळ असा, की लढण्याची वेळ त्यांच्या किल्ल्यावर आली ती त्यांच्या मृत्यूनंतर (1775) चार दशकांनी. 1818 च्या मे-जूनमध्ये त्याच दुहेरी तटाच्या आणि खंदकाच्या आश्रयाने अरब शिबंदीने इंग्रजांना कित्येक आठवडे झुंजविले आणि मोठी हानी सोसल्यावरच इंग्रजांना किल्ला मिळाला. पुढील काळात त्याच तटाच्या आत शाळा भरली. धन्याने दिल्ली सोडली. त्याच्या दगडांनी मालेगाव सहजासहजी सोडले नाही.

रामेश्वराचे मंदिर मात्र सर्वस्वी निराळे! काळ्या पाषाणावरील मोर, प्राणी, पद्मासनस्थ साधू आणि नाजूक वेलबुट्टी पाहताना कारागिरांच्या हातांस वंदन करावेसे वाटते.  प्रवेशद्वारावरील घंटेवर 1721 हे वर्ष आहे; चिमाजीअप्पांच्या 1739 च्या वसई विजयानंतर ती पोर्तुगीज घंटा इकडे आली असे मानतात. मोठ्या आवाजाच्या माणसाला गमतीने ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात, ते तिच्यावरूनच. गोदावरीला पूर आला, की पाणी कोठवर चढले हे पाहण्यासाठी नाशिककरांचे डोळे त्या घंटेकडे वळतात. त्या वेळी दिल्लीची आठवण कोणालाही होत नाही.