बदली, घर आणि उरलेले कर्ज

घर विकून जितकी रक्कम येईल त्याहून गृहकर्जाची बाकी जास्त असणे, ही स्थिती मुंबईच्या उपनगरांत विरळा असली तरी अनोळखी नाही. घरात माणसे राहत असतात, हप्ता जात असतो, तोवर ती जाणवतही नाही. अंधेरीची नोकरी सुटून पुण्याला किंवा बंगळूरला जायची वेळ आली, की घर विकावे की ठेवावे हे ठरवावे लागते आणि आकडे समोर मांडावे लागतात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचे कर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ७५ लाखांपर्यंतचे ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढचे ७५ टक्क्यांपर्यंतच मिळते. त्यामुळे भाव थोडे उतरले तरी ग्राहकाने स्वतः भरलेला पैसा आड येतो. हे संरक्षण झिजते ते मागाहून घेतलेल्या टॉप-अप कर्जाने आणि लांबलेल्या मुदतीने. रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा टक्के झाला. अनेकांचा हप्ता तोच राहिला, मुदत मात्र वाढली आणि मुद्दल जेमतेम हलू लागले.

चावी बँकेच्या हवाली करून मोकळे होता येते, हा समज भारतात धोक्याचा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात राहत्या घराच्या खरेदीसाठी घेतलेल्या कर्जापुरते तसे संरक्षण कायद्याने दिले आहे. इथे कर्जाची जबाबदारी घरापुरती थांबत नाही, ती माणसावर राहते. हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते, मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, ताबा आणि लिलाव. लिलावात कमी रक्कम आली तर उरलेली बाकी कर्जदाराकडून, तसेच सहकर्जदार व जामीनदाराकडूनही वसूल होऊ शकते. गाव बदलल्याने यातले काहीच बदलत नाही.

विकायचे ठरले तर फरकाची रक्कम विक्रेत्याला स्वतः उभी करावी लागते, कारण पूर्ण बाकी फिटल्याशिवाय बँक मूळ कागदपत्रे सोडत नाही. घेणाऱ्याची बँक फोरक्लोजर लेटरवरच्या, म्हणजे कर्ज बंद करायला लागणाऱ्या, रकमेपैकी आपला वाटा थेट कर्जखात्यात भरते, तूट विक्रेता भरतो. व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड नाही. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागदपत्रे परत मिळालीच पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई देणे तिला बंधनकारक आहे.

ठेवून भाड्याने द्यायचे तर हिशेब अधिक बारकाईने करावा लागतो. समजा, बोरिवलीतल्या घरावर ७२ लाखांची बाकी आहे, व्याज साडेआठ टक्के, मुदत १७ वर्षे उरली आहे आणि बाजारभाव ६८ लाख आहे. हप्ता सुमारे ६७,००० रुपये. भाडे २२,००० आणि सोसायटीचा खर्च ५,००० धरला, तर दरमहा ५०,००० खिशातून जातात. पण हा सगळा तोटा नव्हे. हप्त्यातले सुमारे १६,००० मुद्दलात जमा होतात. खरी झीज महिन्याला ३४,००० म्हणजे वर्षाला चार लाखांची. घराची किंमत वर्षाला सहा टक्क्यांनी वाढली, तरच ठेवणे बरोबरीत सुटते. दलालीसह पाच लाखांची तूट भरून विकणे आज कितीही जिवावर आले, तरी सव्वा वर्षाची झीज त्याच मोलाची आहे. मेट्रो येईल, भाव चढतील, ही आशा पुष्कळ कुटुंबांना घराला बांधून ठेवते. मात्र जाहीर झालेल्या मार्गाचा भाव विकणाऱ्याने बहुधा आधीच लावलेला असतो.

भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचे आहे. परगावी राहणाऱ्या मालकाला हीच नोंदणी उपयोगी पडते, कारण मुदत संपूनही जागा सुटली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. घर भाड्याने दिल्याबद्दलचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सोसायटीला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत.

सर्वांत कठीण स्थिती ताबाच न मिळालेल्या घराची. एचडीआयएल ही कंपनी ऑगस्ट २०१९ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली तेव्हा मुलुंड पश्चिमेचा तिचा व्हिस्परिंग टॉवर्स हा प्रकल्प अर्धवटच होता. असे घर भाड्याने देता येत नाही, विकायला काढले तर गिऱ्हाईक मिळत नाही, आणि हप्ता व भाडे दोन्ही एकाच पगारातून जातात. ताबा मिळेपर्यंत व्याज बिल्डर भरेल अशा योजनांतही करार बँक आणि ग्राहकातलाच असतो; बिल्डर थांबला की वसुली ग्राहकाकडे येते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणेच कर्ज देण्यास बँकांना बजावले ते यासाठीच. प्रकल्प चालू असून ताबा लांबला असेल, तर रेरा कायद्याच्या १८ व्या कलमाखाली व्याजासह परतावा मागता येतो. कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर घरखरेदीदार २०१८ पासून वित्तीय धनको आहेत, आणि दावा ठरावीक नमुन्यात, मुदतीत दाखल करावा लागतो. दावा चालू आहे म्हणून हप्ता आपोआप थांबत नाही. दुसऱ्या शहरातला पगार ठरवताना तो धरावाच लागतो.