पानावरून उठणारे मूल

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात महाड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणनिधी, विवाहखर्च, गुणवंतांचा गौरव असे विषय मांडले जातात आणि ते योग्यच आहे. मी आज घेतलेला विषय ऐकून कित्येकांना नवल वाटेल. विषय जेवण्याचा आहे; नेमके सांगावयाचे तर न जेवण्याचा. ज्या मुलखात आपल्या आज्यापणज्यांनी पावसाळ्याचे चार महिने नाचणीवरीवर आणि प्रसंगी नुसत्या पेजेवर काढले, त्याच मुलखात घरात धान्य भरलेले असताना एखादे मूल अन्नाला शिवेनासे होते आणि त्यापायी मृत्यूच्या दारी जाऊन पोहोचते, हे प्रथम ऐकणारास खरे वाटत नाही. मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलेला आणि पोलादपूर व महाड तालुक्यांतील शाळांत हयात घालवून निवृत्त झालेला सामान्य मनुष्य आहे. तथापि आपल्याच समाजातील एका कुटुंबात हे दुखणे मी जवळून पाहिले आहे. त्या कुटुंबाने, आणि मुख्य म्हणजे त्या मुलीने, नाव न घेता सांगण्यास मला अनुज्ञा दिली आहे. किंबहुना सांगावे असा आग्रह तिचाच आहे.

या आजारास ॲनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. शब्दाचा अर्थ भूक नसणे असा होतो. परंतु हे नाव फसवे आहे. आयुर्वेदात अरोचक म्हणून जो विकार सांगितला आहे, त्यात अन्नाची रुची जाते. येथे भूक असते, पुष्कळदा अतिशय असते. पण खाण्याची भीती तिच्याहून मोठी असते. रोगी बहुधा वयात येणारी मुलगी असते. मुलगे या आजारातून सुटले आहेत असे मात्र समजू नये. १६८९ साली रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने असे दोन रोगी वर्णन केले, त्यांत एक तरुण मुलगी होती आणि दुसरा सोळा वर्षांचा मुलगा. तेव्हा हे मोबाइलचे खूळ आहे किंवा शहरी लाडाकोडाचे फळ आहे असे जे म्हणतात, त्यांनी हा सनावळीचा हिशेब ध्यानी घ्यावा.

आता त्या मुलीविषयी. तिचे घर महाडच्या बाजारपेठेत. २०२० साली टाळेबंदीने शाळा बंद झाली. पुढच्या वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, सावित्रीला आलेला महापूर आपणांपैकी कोणीच विसरलेले नाही; त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. या घराचे दुकान चिखलाने भरले, संसार माळ्यावर गेला. मुलगी हुशार, नीटनेटकी, कोणास उलट उत्तर न देणारी. २०२२ च्या श्रावणात ती नववीत होती. तिने सोमवार धरले, मग चतुर्थी धरली, मग नवरात्राचे नऊ दिवस. घरोघर तिच्या निष्ठेचे कौतुक झाले. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी, "बारीक झालीस, छान दिसतेस," असे म्हटले. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. नवरात्र संपले, पण तिचे पारणे झाले नाही.

आपल्या धर्माचरणातील उपवासास मी विरोध करीत नाही. परंतु उपवासाला पारणे असते, हे त्याचे लक्षण आहे. ज्या उपवासाचे पारणे काही ना काही निमित्ताने पुढेच ढकलले जाते, तो देवासाठी केलेला उपवास राहिला नाही असे आईने निःशंक समजावे. आपल्याकडे हा आजार लपावयास उपवासाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. आणखी एक गोष्ट. आपल्या देशात कित्येक रोगी "मला जाड व्हायचे नाही" असे म्हणतच नाहीत. पोट दुखते, घशाखाली उतरत नाही, उलटी येते, एवढेच सांगतात. १९९५ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील मानसोपचारतज्ज्ञांनी पाच तरुणींची जी वर्णने प्रसिद्ध केली, ती अशाच प्रकारची होती. पाश्चात्त्य पुस्तकांतील चित्राशी मूल जुळत नाही म्हणून आजार नाही, असा निष्कर्ष काढू नये.

या मुलीच्या बाबतीत खुणा पुष्कळ होत्या. ती सर्वांसाठी हौसेने स्वयंपाक करी, मोबाइलवर पाककृती पाहत तासन्‌तास बसे, पण स्वतःच्या पानातील भाकरीचे नखाएवढे तुकडे करून पाऊण तास चिवडीत राही. उरलेले रुमालातून मागील दारी जाई. पहाटे गच्चीवर न थांबता फेऱ्या. उन्हाळ्यातही स्वेटर. केस गळू लागले, हातांवर बारीक लव आली, बोटे निळसर पडली, मासिक धर्म बंद झाला. घरच्यांनी प्रथम नजर उतरविली, मग पोलादपूरकडील एका भगताकडे नेले. गावातील एका डॉक्टरांनी वयाचा परिणाम म्हणून सोडून दिले. दुसऱ्यांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या आणि लाड कमी करण्यास सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये ती शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी कोसळली. तेव्हा नाडी मिनिटाला ४२ होती. तेथून मुंबई.

रुग्णालयात पहिल्या दिवशी तिला अगदी थोडे अन्न देण्यात आले आणि पुनःपुन्हा रक्त तपासण्यात आले, त्यामुळे आईचा जीव खालीवर झाला. पोर उपाशी मरते आहे आणि हे चमच्याने मोजतात! परंतु त्यास कारण आहे. फार काळ उपाशी राहिलेल्या शरीरात एकाएकी भरपूर अन्न गेले की रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम यांसारखी द्रव्ये झपाट्याने उतरतात आणि हृदय बंद पडू शकते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छावण्यांतून सुटलेले कित्येक उपाशी कैदी पोटभर अन्न मिळाल्यावर दगावले, ते या कारणाने. म्हणून अतिशय खंगलेल्या मुलास घरीच तूपभात कोंबून बरे करण्याचे साहस कोणी करू नये. प्रारंभ डॉक्टरांच्या नजरेखालीच झाला पाहिजे. मानसिक आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्या आजारांपैकी हा एक आहे.

"समजावून सांगितले तर ऐकत कशी नाही?" हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. याचे उत्तर अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात सापडले. १९४४-४५ साली तेथे ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. हेतू युद्धग्रस्तांना कसे सावरावे हे शिकण्याचा होता. वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण खरी शिकवण निराळीच मिळाली. हे धट्टेकट्टे, विचारी तरुण चिडके व एकलकोंडे झाले; पाकशास्त्राची पुस्तके जमवू लागले; अन्नाचे तुकडे करून तासभर चघळू लागले. आपल्या महाडच्या मुलीचे वर्तन आणि त्यांचे वर्तन ताडून पाहा. उपासमारीनेच मन असे होते. मग उपाशी मेंदूशी वाद घालून काय उपयोग? आधी अन्न, मग उपदेश. या आजाराची मुळे बरी करणारी गोळी अद्याप निघालेली नाही. सोबतच्या निराशेवर वा भीतीवर औषधे देतात, पण मुख्य औषध ताटातच असते.

आणि ते औषध कोणी द्यावयाचे? येथे दीडशे वर्षांचा एक वाद आहे. ज्यांनी या आजारास आजचे नाव दिले, त्या लंडनच्या सर विल्यम गल यांचे मत असे होते की, अशा रोग्याच्या शुश्रूषेस नातेवाईक सर्वांत वाईट. पुढे कित्येक वर्षे मुलांना आईबापांपासून दूर ठेवीत आणि दोषही आईबापांस देत. १९८० नंतर लंडनच्याच मॉड्स्ली रुग्णालयातील मंडळींनी ही दिशा फिरविली. जेवणाची सर्व सूत्रे काही काळ आईबापांनी हाती घ्यावीत. वजन सावरले की हळूहळू मुलाकडे परत द्यावीत. इतर प्रश्न त्यानंतर. १९८७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लहान वयात सुरू झालेल्या आणि फार जुन्या न झालेल्या आजारात कुटुंबासह केलेला हा उपचार अधिक गुणकारी ठरला. मला हे मोठ्या आशेचे वाटते. पोलादपूरच्या डोंगरातील वाडीत मानसोपचारतज्ज्ञ नसेल, पण आई आहे, बाप आहे, आजी आहे.

या घराने ते कसे केले, ते सांगतो. दिवसातून सहा वेळा खाणे, घड्याळाप्रमाणे. पान आई वाढणार. काय व किती हे मुलीला विचारावयाचे नाही, आणि काही महिने तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकावयाचे नाही. वडील दुपारी दुकान बंद करून घरी येत. धंद्याचे नुकसान त्यांनी सोसले. पानावर बसल्यावर अन्नाविषयी चकार शब्द नाही. वडील वर्तमानपत्र वाचून दाखवीत, धाकटा भाऊ शाळेतील गमती सांगे. मुलगी रडे, ओरडे, एकदा वरणाची वाटी तिने भिंतीवर फेकली. आईने भिंत पुसली, दुसरी वाटी वाढली आणि म्हटले, "बाळ, मी रागावलेले नाही. हे तुझे औषध आहे. संपेपर्यंत मी इथेच बसले आहे." कधी कधी असे दीड तास चाले. जेवणानंतर तासभर सर्वांनी एकत्र बसावयाचे, म्हणजे उलटी काढणे किंवा गच्चीवर पळणे यांस वाव राहत नाही.

आजी तर या घराचा आधारस्तंभ. मुलगी तोंडास येईल ते बोलू लागली की आजी म्हणे, "ही माझी नात बोलत नाही, तिचे दुखणे बोलते आहे. दुखण्याला म्हणावे, तू बोल. माझी नात जेवणार." भगताकडे नेण्याचा सल्लाही याच आजीचा होता, हे विनोदाने सांगतो. परंतु मूल निराळे आणि आजार निराळा, हे तिने जे ओळखले, तेच मुंबईचे डॉक्टर त्या कुटुंबास समजावून सांगत होते. धाकट्या भावाची मात्र त्या वर्षी फार आबाळ झाली. ज्या घरात असे दुखणे असेल, तेथे दुसऱ्या मुलाला घटकाभर फिरावयास नेणारा काका किंवा मामा हवा असतो, औषधाइतका.

महिने लागतात, वर्षे लागतात. पुष्कळ मुले पूर्ण बरी होतात. काही पुन्हा घसरतात. ही मुलगी दहावीला एक वर्ष उशिरा बसली, उत्तीर्ण झाली, आज कनिष्ठ महाविद्यालयात आहे. परीक्षा जवळ आली की तिचे पान अजूनही लहान होते आणि आई पुन्हा शेजारी येऊन बसते.

तिने मला एक गोष्ट आवर्जून सांगण्यास सांगितले. ती सावरत असताना भेटणारा जो तो प्रेमाने म्हणे, "वा, तब्येत सुधारली हो!" आपल्या बोलीत या वाक्याचा अर्थ अंग भरले असाच होतो, हे आपण सर्व जाणतो. त्या एका वाक्यानंतर तिचे दोन दिवसांचे जेवण तुटे. मग काय बोलावे? अभ्यासाचे विचारावे, पावसाचे बोलावे, "तू आलीस, बरे वाटले," असे म्हणावे. मुलाच्या अंगाकडे पाहून बोलणे, मग ते निंदेचे असो वा स्तुतीचे, आपण सोडले तर शिमग्यागणपतीला आपले काही अडणार नाही.

दुसरी अडचण लपवालपवीची. "लग्न जमणार नाही" या भीतीने आईबाप शेजाऱ्यालाही कळू देत नाहीत आणि उपचारास वर्षाचा उशीर होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रोग्याची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारास शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे असे बंधन घातले आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलीमानस ही मोफत दूरध्वनी सेवा चालू आहे. क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येते. जिल्ह्यात अलिबागचे शासकीय रुग्णालय आहे. मुंबईत केईएम, नायर, शीव व जे. जे. या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. पोलादपूरकडील कुटुंबाला तेथे पंधरा दिवसांनी फेरी मारावी लागली तर मुक्काम कोठे करावा, हा प्रश्न डॉक्टरांच्या फीपेक्षा मोठा होतो. परळ-लालबागच्या बांधवांनी यासाठी एक खोली मोकळी ठेवावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.

शेवटची सूचना काहींना रुचणार नाही. आपल्या वधूवर माहितीपत्रकात उंची आणि शिक्षण यांच्या मधोमध "बांधा" व "वर्ण" असे दोन रकाने आहेत. वधूंच्या बांध्याच्या रकान्यात "सडपातळ" याखेरीज दुसरा शब्द मला क्वचितच दिसला. सतराअठरा वर्षांची मुलगी हे पत्रक आपल्याच घरातील टेबलावर वाचते. हे दोन्ही रकाने पुढील अंकापासून काढून टाकावेत, असा ठराव मी लेखी स्वरूपात कार्यवाहांच्या हाती दिला आहे. त्याला अनुमोदन देण्याचे त्या मुलीच्या वडिलांनी कबूल केले आहे. दुपारच्या सत्रात तो मतास येईल, तेव्हा भोजनोत्तर कोणी लवकर निघून जाऊ नये, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.