बेस गिटार पुन्हा हातात घेताना

(सावली, जि. चंद्रपूर येथे महिला गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कलापथकाच्या अनुभवावर बोला, असं मला सांगितलं होतं. मी बोलणार आहे खरेदीवर. आमच्या पथकात सगळ्यात मोठं भांडण झालं ते गाण्यावरून नाही, सामानावरून झालं.

सतराव्या वर्षी मी बेस गिटार शिकले. भावाचा ऑर्केस्ट्रा होता. गणपतीत, चौदा एप्रिलला, लग्नात वाजवायचा. बेसवाला मुलगा नोकरीला लागला, ऐन हंगामात जागा रिकामी झाली, म्हणून मला उभं केलं. तेही मागे, ड्रमच्या आडोशाला. तीन हंगाम वाजवलं, मानधन भावाच्या खिशात गेलं. माझं लग्न ठरलं तेव्हा गिटार विकली आणि त्या पैशात पाहुण्यांसाठी सतरंज्या आल्या. मला कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही तोंड उघडलं नाही. गिटार माझी नव्हतीच. पावती भावाच्या नावाची.

आता माझं वय सत्तेचाळीस. रोवणी, कापणी, दोन बाळंतपणं, सगळं या हातांनी केलं. दोन वर्षांपूर्वी आपल्या पथकात कीबोर्ड वाजवणारी पोरगी आली आणि तिच्या डाव्या हातातला खर्ज ऐकून माझी बोटं आपोआप हलायला लागली.

आपला मुलूख झाडीपट्टीचा. दिवाळी सरली की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, होळीपर्यंत रात्र-रात्रभर नाटकं चालतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या सगळ्यांनाच आनंद झाला. एके काळी दंडारीत बाईचं सोंगही पुरुषच घ्यायचा. आज रंगमंचावर बाया आहेत. पण पुढच्या वेळी नाटकाला गेलात की मंचाच्या पुढे, खाली, वाजवणारे बसतात तिकडे पाहा. ऑर्गन, तबला, ढोलक, आता ऑक्टोपॅड. मी तरी तिथे बाई पाहिलेली नाही. बाईनं नाचावं, गावं, रडावं, वाजवायचं पुरुषानं.

तर मी बेस घ्यायचं म्हटल्यावर पथकातल्याच बाया म्हणाल्या, कीबोर्डात बेस आहे ना, मग कशाला खर्च? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. साध्या चालीच्या गाण्याला डाव्या हाताचा खर्ज पुरतो. मोर्चात तर बेस चालतच नाही. २०१० मध्ये दारूबंदीसाठी बाया चिमूरहून नागपूरला पायी गेल्या. तसल्या वाटेवर डफ आणि आवाज हेच खरं. विजेचं वाद्य मंडपातलं. म्हणून मी ठरवलं, गिटारीला बचत गटाचा सामाईक पैसा लावायचा नाही. गिटार माझी, माझ्या कर्जातून, माझ्या नावाच्या पावतीवर. अँप्लिफायर सगळ्यांचा, कारण तो सगळ्यांच्या कामाचा. हे ठरायला चार बैठका लागल्या.

मग नागपूरला गेले. दुकानाचं नाव घेत नाही. दुकानदारानं विचारलं, "मुलासाठी का?" मी म्हटलं, माझ्यासाठी. त्यावर तो हसला, मग पाच तारांची काढून म्हणाला, आता सगळे हीच वाजवतात. पाचवी तार खालच्या खर्जाची, तिच्यासाठी मान रुंद लागते. आपली गाणी चार तारांत आरामात बसतात. घेऊ नका.

मला कळलेली गोष्ट ही, की दुकानात स्टुलावर बसून वाजवून पाहायचं नाही. पट्टा गळ्यात घालून उभं राहायचं, वीस मिनिटं. बेस गिटार साडेतीन-चार किलोंची, कधी त्याहून जड. पाच मिनिटं काही वाटत नाही, पंधराव्या मिनिटाला खांदा बोलायला लागतो. काहींची मान खाली झुकते आणि मग डावा हात वाजवायचं सोडून ती उचलूनच धरतो. पट्टा चार बोटं रुंद घ्या. मी जाड हातमागाचं कापड दुहेरी शिवून केला, बाजारच्यापेक्षा बरा झाला.

लांबीचं फार महत्त्वाचं आहे. नेहमीच्या बेसची वाजती तार चौतीस इंच. एक आखूड जात येते, तीस इंची. पडदे जवळजवळ येतात, तार मऊ लागते. दुकानात तिला "लेडीज" म्हणतात, कुणी "पोरांची" म्हणतं. म्हणू द्या. पुरुषांनीही मोठमोठी गाणी आखूड बेसवर वाजवली आहेत. आवाज थोडा गोल येतो, ढोलकीशी उलट चांगला जुळतो. मी तीसच घेतली, जुनी, नऊ हजारांना. जुनी घेताना मानेच्या टोकाला डोळा लावून सरळ पाहायचं, धनुष्यासारखी वाकली आहे का. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबायची, खरखर कुठे येते ते कळतं. बटणं फिरवताना करकर झाली तर घाबरू नका, ती साफ होतात. बॅटरीवर चालणारी मी नाकारली. ऐन कार्यक्रमात नऊ व्होल्टची बॅटरी संपली तर सावलीत रात्री दहाला कुठे मिळणार?

तारांवर मात्र पैसे खर्च केले. चपट्या वेटोळ्याच्या गुळगुळीत तारा महाग पडतात, पण वीस वर्षं न वाजवलेल्या बोटांची साल कमी निघते.

आता अँप्लिफायर. इथे आमचं भांडण मिटलं. बेसचा वेगळा अँप फक्त मीच वापरला असता. साध्या गिटारच्या अँपमध्ये बेस लावू नका, मोठा आवाज केला की स्पीकर फाटतो. आम्ही कीबोर्डचा अँप घेतला. त्याला तीन तोंडं असतात: एकात कीबोर्ड, एकात बेस, एकात माईक. तो खर्जही सोसतो आणि गळाही स्वच्छ ठेवतो. साठ वॅटचा. सरावाला आणि समाजमंदिरातल्या कार्यक्रमाला पुरतो. मोठ्या मैदानात नाही पुरत, तिथे साऊंडवाल्याच्या पेट्या लागतात. नुसते भोंगे असतील तर बेस वाजवून उपयोगच नाही, भोंग्यातून खर्ज बाहेरच येत नाही. अँपला मागे "लाइन आऊट" आहे ना, तेवढं पाहून घ्या. तिथून वायर साऊंडवाल्याच्या मिक्सरला जाते. आणि अँप दोघींना एस.टी.त चढवता आला पाहिजे. आम्ही दुकानातच दोघींनी उचलून पाहिला. लोक पाहत होते. ज्याला उचलायला दादा-भाऊ लागतात, ते सामान कार्यक्रमाला यायचं की नाही हे शेवटी दादा-भाऊच ठरवतात.

आता जरा नीट ऐका, हे जिवाशी आहे. मंडपातल्या विजेला बहुतेक वेळा अर्थिंग नसतं. थ्री-पिनचा जाड पाय कुणीतरी मोडून ठेवलेला असतो, बोर्डात बसावा म्हणून. गिटारच्या तारा लोखंडी, आपला हात त्यांवर. गाताना ओठ माईकच्या जाळीला लागतात. माईक एका लाइनवर आणि अँप दुसऱ्या, बिनअर्थिंगच्या लाइनवर असेल तर करंट ओठातून हातात जातो. मला एकदा बसला आहे. जीभ रात्रभर बधिर होती, वाचले एवढंच. तेव्हापासून माझ्या पिशवीत तीस रुपयांचा टेस्टर असतो. वाजवायच्या आधी मी माईकच्या जाळीला टेस्टर लावते. दिवा लागला तर वाजवायचं नाही, मग समोर सरपंच बसलेले असोत की आमदार. माईकला फोमची टोपी घालते. जोडणी एकाच बोर्डावरून, आणि बोर्डावर गळतीचा करंट कळताच वीज तोडणारी ई.एल.सी.बी. मागून घेते. एका गावात साऊंडवाला म्हणाला, "बाई, एवढं घाबरता तर वाजवता कशाला?" आम्ही सगळ्याजणी खाली उतरून बसलो. अर्ध्या तासात जमिनीत सळई ठोकली, ओल केली, अर्थिंग आलं.

घरचं विचाराल. गिटार खाटेखाली खोक्यात असते. चुलीजवळ नाही, पावसाळ्यात भिंतीला टेकून नाही; ओलीनं मान वाकते. पहिले सहा महिने नवरा काही बोलला नाही. नातेवाईक आले की खोकं आणखी आत सरकवायचा. मी परत पुढे ओढायची. एवढंच चालू आहे अजून. पावती बचत गटाच्या पेटीत ठेवली आहे, घरी नाही.

बुधवारी चारला समाजमंदिरात सराव असतो. ज्यांना हातात घेऊन पाहायची आहे त्यांनी या. पट्टा सैल करून ठेवते, उंच बायांनाही बसेल. आणि आता गाणं म्हणायचं आहे ना? म्हणू. आधी मला तो प्लग पाहू द्या.