खऱ्या-खोट्याची कोडी आणि तिसरा राखणदार



नरखेडहून मोवाडला निघालेला एक वाटसरू कल्पावा. वाटेत एक फाटा लागतो. तेथे संत्राबागेचे दोन राखणदार बसलेले आहेत. एक सदैव खरे बोलतो, दुसरा सदैव खोटे. दोघांनाही वाटा आणि एकमेकांचा स्वभाव माहीत आहे; वाटसरूस मात्र कोण कसा, हे ठाऊक नाही. प्रश्न एकच विचारावयाचा आहे.

चतुर वाटसरू कोणाही एकास विचारतो, “भाऊ, तुमच्या जोडीदाराला मोवाडची वाट विचारली, तर तो कोणती दाखवील?” उत्तर मिळताच तो दुसरी वाट धरतो. सत्यवादी हा जोडीदाराचे खोटे जसेच्या तसे सांगतो. असत्यवादी हा जोडीदाराचे खरे उलटे करून सांगतो. दोन्ही उत्तरांत असत्य एकदाच मिसळते, म्हणून दाखविलेली वाट चुकीचीच असते.

अशी कोडी अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ रेमंड स्मलियन (१९१९–२०१७) यांनी १९७८ मधील आपल्या पुस्तकाद्वारे लोकप्रिय केली. त्यांतील मर्म असे की, नेमाने खोटे बोलणाऱ्याकडूनही सत्य काढून घेता येते. त्याचे उत्तर उलटे केले की पुरे.

खरी अडचण तिसऱ्या राखणदाराची. तो लहरीप्रमाणे कधी खरे, कधी खोटे बोलतो. जॉर्ज बूलोस यांनी १९९६ मध्ये चर्चिलेल्या अतिकठीण कोड्यात असाच एक लहरी आहे. तेथे पहिला प्रश्न खर्ची पडतो तो लहरी नसलेला एक जण शोधण्यात. तो खोटारडा निघाला तरी चालतो!

स्याद्वादातील ‘स्यात्’ म्हणजे ही लहर नव्हे. विधान कोणत्या अपेक्षेने केले, हे त्यातून स्पष्ट होते.

व्यवहारात सदैव खोटे बोलणारा मनुष्य सहसा भेटत नाही; भेटतो तो तिसरा राखणदार. कापडाचा रंग पक्का असल्याचे दुकानदार दहा वेळा खरे सांगतो आणि अकराव्या वेळी खोटे. त्यानंतर ग्राहकास त्याचा शब्द सरळही घेता येत नाही आणि उलटाही करता येत नाही. एका असत्यापायी आधीची दहा सत्ये निरुपयोगी ठरतात.

जय जिनेंद्र!